लाल भिंतींची बेडरूम: रंग दिव्याच्या उजेडात निवडा

 

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि इथला हिवाळा खऱ्या अर्थानं सुरू होतो. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, स्कॉटलंडमध्ये त्याहूनही लवकर. घरात बसायचे महिने आले की माणसाचं लक्ष आपोआप भिंतींकडे जातं. "या वर्षी रंग काढायचा का?" हा प्रश्न याच दिवसांत निघतो. आणि कुणीतरी, बहुतेक घरातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा नवीन लग्न झालेलं जोडपं, म्हणतं, "बेडरूम लाल करूया."

मग घरात थोडा वेळ शांतता पसरते. व्हिडिओ कॉलवरून आई म्हणते, "अगं, झोपायच्या खोलीला लाल? डोकं भणभणेल तुझं." बाबा म्हणतात, "घर विकायला काढलं की पंचाईत होईल." आणि शेवटी दुकानातून येतो तो मॅग्नोलियाचा डबा.

आज आपण या लाल बेडरूमबद्दल बोलणार आहोत. सगळ्यांनी भिंती लाल कराव्यात असा माझा आग्रह नाही. पण ज्यांच्या मनात ते आहे, त्यांना नीट ठरवता यावं यासाठी एकच मुख्य गोष्ट सांगायची आहे. बेडरूम ही रात्रीची खोली आहे. आपण तिथे असतो ते मुख्यतः संध्याकाळनंतर, दिव्याच्या उजेडात. म्हणून तिचा लाल रंग दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली, शेडकार्ड हातात घेऊन ठरवायचा नाही. तो आपल्याच खोलीत, आपल्याच दिव्याखाली, रात्री ठरवायचा. बाकीचं सगळं याच्यामागून येतं.

आधी भीतीचं बघू. लाल रंग आपल्याला परका आहे का? मुळीच नाही. कोकणातली जांभ्याची भिंत आठवा. चिऱ्याचा तो तांबूस रंग, पावसाळ्यात आणखी गडद होणारा. गेरूनं सारवलेलं तुळशीवृंदावन आठवा. जुन्या घरांतला तांबडा कोबा आठवा, उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसतं आडवं व्हायचं. पालघर, डहाणू, जव्हारकडच्या वारली पाड्यांत कुडाच्या भिंती सारवतात, त्यांना गेरूचा हात देतात आणि त्यावर तांदळाच्या पिठानं पांढरी चित्रं काढतात. लग्नाचा चौक घराच्या आतल्या भिंतीवर लिहितात, आणि तो लिहितात सवाष्णी. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा आतल्या खोलीची लाल भिंत ही काही परदेशी मासिकातून आलेली कल्पना नाही. ती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे.

फरक एवढाच, की तो लाल मातीचा होता. गेरूचा रंग येतो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे साध्या भाषेत गंजाच्याच कुटुंबातला तो रंग. त्यात थोडा तपकिरी असतो, थोडा केशरी असतो आणि चमक अजिबात नसते. म्हणून तो डोळ्यांना टोचत नाही. आपल्याला भीती वाटते ती दुसऱ्याच लालाची: इथल्या पोस्टाच्या पेटीच्या लालाची. ब्रिटनमधल्या पेट्या १८७४ पासून लाल व्हायला लागल्या, त्या रस्त्यात लांबून दिसाव्यात म्हणून. जो रंग लांबून दिसावा म्हणून निवडला, तो उशाशी आणून बसवला तर डोकं भणभणणारच. तिथे आईचं बरोबर आहे.

म्हणून 'लाल' या एका शब्दावर थांबू नका. मराठीत आपल्याकडे लालासाठी कितीतरी शब्द आहेत आणि ते इथे कामाला येतात. गेरू आणि विटकरी हे मातीकडे झुकणारे. शेंदरी हा केशराकडे झुकणारा. कुंकवाचा लाल भरलेला आणि उबदार. डाळिंबी आणि मरून हे निळ्या-जांभळ्याकडे झुकणारे. दुकानात शेडकार्ड बघताना प्रत्येक चौकोनाला स्वतःशी यातलं एक नाव द्या. कार्डावरची इंग्रजी नावं कविता करतात, त्यांच्यावरून रंग कळत नाही. विटकरी म्हटलं की लगेच कळतं.

आता खोलीची दिशा. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत इथला दिवसाचा उजेड निळसर आणि थंड असतो. त्या उजेडात डाळिंबी किंवा मरून आणखी निळा, कधीकधी वांग्यासारखा दिसतो. अशा खोलीला गेरू, विटकरी, कुंकवासारखा लाल बरा, कारण त्याच्यात मुळातच ऊब असते. दक्षिणेच्या खोलीत ऊन येतं, तिथे डाळिंबी छान खुलतो आणि विटकरी मात्र जरा जास्तच केशरी वाटू शकतो. पूर्वेची खोली सकाळी पेटते आणि संध्याकाळी विझते, पश्चिमेची बरोबर उलट. पण पुन्हा सांगते, हिवाळ्यात कामावरून घरी येईपर्यंत बाहेर काळोख असतो. तेव्हा दिशा बघा, पण शेवटचा शब्द दिव्याचा.

दिव्याचं थोडं खोलात बघू, कारण लाल खोल्या बिघडतात त्या बहुतेक वेळा बल्बमुळे. एलईडी बल्ब घेताना खोक्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, केल्विनचा आकडा. बेडरूमला २७०० केल्विन घ्या, म्हणजे पिवळसर उबदार उजेड. ४००० च्या वरचा उजेड ऑफिसचा, त्यात लाल रंग रूक्ष आणि कडक दिसतो. दुसरी गोष्ट, सीआरआय. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा, १०० पैकी. ९० किंवा त्याहून जास्त घ्या.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. हा सीआरआय काढताना आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी घेतात. गडद लाल हा नववा नमुना आहे आणि तो त्या सरासरीत धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-नाइन म्हणतात. त्यामुळे सीआरआय ८० असलेला स्वस्त बल्ब बाकी सगळे रंग ठीक दाखवतो आणि नेमका लाल मारतो. भिंत कुंकवासारखी असते आणि दिसते चहाच्या डागासारखी. माणसं रंगाला दोष देतात आणि पुन्हा रंग काढतात. त्याऐवजी आधी बल्ब बदलून बघा. आर-नाइन ५० च्या वर असेल तर उत्तम. खोक्यावर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा सापडतो.

दिवा कुठे लावायचा तेही बघा. गडद लाल भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी थोडाच परत देते, बाकीचा गिळते. पांढरी भिंत बहुतेक सगळा परत देते. म्हणून छताच्या मधोमध एक बल्ब लटकवून लाल खोली उजळत नाही. मध्ये झगझगाट आणि कोपऱ्यांत अंधार, असं होतं. त्यापेक्षा तीन-चार लहान दिवे लावा: पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक, एक टेबलावर आणि एक कोपऱ्यात जमिनीवर उभा. प्रत्येक दिव्याभोवती भिंत निखाऱ्यासारखी दिसते आणि मध्ये सावली राहते. लाल खोलीचं सगळं सौंदर्य त्यातच आहे.

एक प्रयोग घरी करून बघा. कुंडीतलं लाल जिरेनियम संध्याकाळी खिडकीत ठेवा आणि दिवा न लावता बसा. उजेड कमी होत गेला की लाल फूल आधी काळं पडतं आणि हिरवी पानं मात्र त्याच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपून ठेवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. मंद उजेडात आपले डोळे निळ्या-हिरव्या बाजूला झुकतात आणि लाल त्यांना दिसेनासा होतो. मंडळी, याचा अर्थ लक्षात घ्या. दिवे मालवल्यावर तुमची लाल खोली लाल राहत नाही. ती काळोखी होते. "लाल रंगात झोप कशी लागेल?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. झोपताना तो लाल समोर नसतोच.

उरलेलं निम्मं उत्तर झोपण्याआधीच्या तासाचं. दिवस आहे की रात्र, हे मेंदूला सांगणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या खास पेशींना सर्वांत जास्त जाग येते ती निळ्या उजेडानं. लाल भिंत निळा उजेड गिळते आणि तांबूस परत देते. त्यामुळे लाल खोलीत उबदार दिवा लावला तर खोलीतला उजेड मावळतीसारखा होतो. मात्र हातात फोन धरून बसलात तर भिंत कुठलीही असो, झोप उडवायचं काम तो फोन करणारच. त्याचा दोष भिंतीला देऊ नका.

वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत लाल हा अग्नीचा रंग, म्हणून झोपायच्या खोलीत तो नको असं सांगतात. घरातल्या मोठ्यांचं मन त्यात गुंतलं असेल तर वाद घालू नका. चार भिंती सोडून एकीवर या, किंवा भडक सोडून गेरूवर या. पुष्कळदा मोठ्यांचा विरोध 'लाल'ला नसतो, त्या भडकपणाला असतो.

आता किती भिंती? पुष्कळ लोक एकच भिंत रंगवतात.  एकच भिंत करायची असेल तर उशाची करा, पलंगाच्या मागची. खोलीत शिरताना ती पूर्ण दिसते, तिच्यासमोर पलंग शोभतो, आणि आडवं झाल्यावर ती तुमच्या डोळ्यांसमोर नसते. तापाच्या दिवशी, डोकं दुखत असताना, माणसाला समोर शांत भिंत लागते. हा विचार आधीच केलेला बरा.

चारही भिंती करायच्या असतील तर खोली मोठीच हवी असं नाही. उलट लहान खोलीत चार लाल भिंतींनी डबीत बसल्यासारखं, पांघरुणात शिरल्यासारखं वाटतं, आणि काहींना तेच हवं असतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. छत आणि दारं-खिडक्यांच्या चौकटी शुभ्र पांढऱ्या ठेवू नका. त्या पांढऱ्याची कड लालाला कापते आणि भिंत आणखी भडक दिसते. सायीसारखा पांढरा घ्या. आणि हे ध्यानात ठेवा, की लाल भिंतीवरून उडालेला उजेड छतावर, चादरीवर आणि चेहऱ्यावर गुलाबी झाक टाकतो. त्यामुळे ज्या खोलीत रोज सकाळी ऑफिसची तयारी आणि साडीशी ब्लाऊज जुळवणं चालतं, तिथे आरसा खिडकीजवळ असू द्या. नाहीतर घरात जुळलेले रंग बाहेर रस्त्यावर भांडतात.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर लंडनला लिंकन्स इन फील्ड्समध्ये सर जॉन सोन यांचं घर आहे. आता ते संग्रहालय आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत. हे वास्तुविशारद तरुणपणी इटलीला जाऊन पाँपेई बघून आले होते. त्यांच्या घरातली जेवणाची आणि पुस्तकांची खोली त्या पाँपेईच्या लालात रंगवली आहे. बेडरूम नाही ती, पण शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्या गडद खोलीत त्यांनी आरसे अशा जागी बसवले आहेत, की खिडकीचा उजेड खोलीत फिरत राहतो. लाल भिंत उजेड गिळते, आणि आरसा तो पुन्हा खोलीत सोडतो. मुलांना घेऊन जा. हिवाळ्यातल्या ढगाळ दुपारी गेलात तर आणखी चांगलं, कारण आपल्याला लाल बघायचा आहे तो अशाच उजेडात.

चला, आता कागद-पेन घ्या. प्रत्यक्ष कामाकडे वळू.

सगळ्यात आधी टेस्टर. तीन लाल निवडा, तिन्हींच्या छोट्या डब्या आणा. भिंतीवर फराटे ओढू नका, कारण शेजारचा मॅग्नोलिया डोळ्याला फसवतो. जाड पांढरा कागद घ्या, निदान ए-थ्री आकाराचा. त्यावर रंगाचे दोन हात द्या, कडेपर्यंत. वाळला की चिकटपट्टीनं उशाच्या भिंतीवर लावा. एक आठवडा तसाच राहू द्या. सकाळी उठल्यावर, ढगाळ दुपारी, संध्याकाळी दिवे लावल्यावर, आणि रात्री एकच लहान दिवा चालू असताना बघा. मोबाईलवर फोटो काढून भारतात पाठवू नका. कॅमेऱ्याला लाल नीट पकडता येत नाही, आणि वरून पंधरा जणांची पंधरा मतं येतात. रात्री साडेनऊला जो कागद बघून बरं वाटतं, तो तुमचा रंग.

आणि ही परीक्षा खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांनी द्यायची. नवरा-बायकोपैकी एकाला लाल हवा आणि दुसरा नुसताच "तुला आवडतं तर कर" म्हणत असेल, तर त्या उत्तरावर रंगाचा डबा उघडू नका. आठवडाभर तो कागद दोघांच्या समोर राहिला की खरं मत आपोआप बाहेर येतं. मुलीची खोली असेल तर छटा तिला ठरवू द्या, आणि किती भिंती ते मिळून ठरवा.

दुसरं, भिंतीची तयारी. इथल्या घरांत ओल आणि बुरशी हा मोठा प्रश्न. कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर त्यांच्यावर रंग फासू नका. आधी कारण शोधा, बुरशी साफ करा, भिंत पूर्ण वाळू द्या. भोकं आणि भेगा असतील तिथे लांबी भरा, घासून सपाट करा. गडद रंग भिंतीचे खड्डे लपवत नाही, उलट शेजारच्या दिव्याच्या तिरप्या उजेडात ते उठून दिसतात. आणि घर जुनं, १९७० च्या आधीचं असेल, तर एक काळजी घ्या. दारं, चौकटी, खिडक्यांवरच्या जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ विषारी असते. तपासायचे संच दुकानात मिळतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम माहितगार माणसाकडेच द्या.

तिसरं, अस्तर. लाल रंगाची एक खोड आहे: तो झाकत नाही. पांढऱ्यावर तीन-चार हात दिले तरी मागचं डोकावतं. रंगाऱ्यांची यावरची युक्ती अशी, की आधी करड्या रंगाचं अस्तर द्यायचं. दुकानात सांगितलं तर प्रायमरमध्ये करडा मिसळून देतात. करड्यावर लाल लवकर भरतो आणि खोल दिसतो. मग सहसा दोन हातांत काम होतं, फार तर तीन.

चौथं, हिशेब. समजा खोली चार मीटर बाय साडेतीन आणि उंची दोन मीटर चाळीस. चार भिंतींचं क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर. दार-खिडकी वजा केली की साधारण ३२ ते ३३. एक लिटर रंग साधारण १२ चौरस मीटर जातो. म्हणजे एका हाताला पावणेतीन लिटर, दोन हातांना साडेपाच. पाच लिटरचा एक डबा आणि एक लहान, एवढं लागेल. नुसती उशाची चार मीटरची भिंत असेल तर ती साडेनऊ चौरस मीटरच भरते. अडीच लिटरच्या डब्यात तीन हात होतात. सगळे डबे एकाच वेळी घ्या, त्यांच्यावरचा बॅच नंबर एकच आहे ना बघा, आणि सुरुवात करण्याआधी सगळा रंग एका बादलीत एकत्र करा. लालात दोन डब्यांमधला फरक लगेच कळतो.

पाचवं, रंग लावताना. भिंतीच्या कडा आधी ब्रशनं काढा आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. एक भिंत एका दमात संपवा, मध्ये चहाला उठू नका. थांबलात की जिथे थांबलात तिथे पट्टा दिसतो. चिकटपट्टी शेवटचा हात ओला असतानाच काढा, म्हणजे कड स्वच्छ येते. अगदी मॅट रंग सुंदर दिसतो, पण गडद मॅट भिंतीवर हात घासला तरी पांढुरका ओरखडा उमटतो. मुलांची खोली असेल तर पुसता येईल असा धुण्याजोगा मॅट घ्या.

आता भाड्याच्या घरातल्या मंडळींसाठी. घरमालकाची परवानगी आधी घ्या आणि ती लेखी घ्या, ईमेल चालेल. इंग्लंडमध्ये २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आणि घर सोडताना वाद झालाच तर कागदपत्र आणि फोटो बघितले जातात. म्हणून आधीचे फोटो जपून ठेवा. निघताना लाल झाकायला डाग दाबणारं प्रायमर आणि पांढऱ्याचे दोन-तीन हात लागतील, एवढा वेळ आणि पैसे हिशेबात धरा.

परवानगी नाहीच मिळाली तर? भिंत रंगवायलाच हवी असं कुठे आहे? पलंगाच्या रुंदीचा प्लायवूडचा तक्ता आणा, तो गेरूच्या रंगात रंगवा आणि पलंगामागे उभा करा. घर बदललं की तो बरोबर येतो. किंवा कपाटात घडी घालून ठेवलेली, कडा विरलेली लाल इरकली काढा आणि उशामागे वरपासून खालपर्यंत सोडा. खणाचे तुकडे जोडून पडदा करा. आजीच्या हातची गोधडी भिंतीवर टांगा. कापडाचा लाल रंगापेक्षाही मऊ दिसतो, कारण त्याच्या घड्यांत सावली असते.

लाल खोलीत बाकी काय शोभतं? लाकूड, तेही गडद. पितळ, थोडंसंच, एखादा दिवा किंवा कडी. खादीसारखी सायीच्या रंगाची चादर. थोडासा गडद हिरवा किंवा नीळ. जे नको ते एवढंच: दुसरा लाल. लाल भिंत, लाल चादर आणि लाल पडदे एकत्र आले की मंडप होतो.

शेवटी एक गोष्ट, आणि ती महत्त्वाची. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि पाहुण्यांच्या खोलीत राहतात. तीच खोली लाल करायचा विचार असेल तर जरा थांबा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली आकसते आणि आत कमी उजेड पोचतो. मघाशी म्हटलं तसं, रात्री तीन वाजता लाल भिंत काळी असते. अनोळखी घरात, काळ्या भिंतीत, सत्तर वर्षांच्या माणसाला बाथरूमकडे जाताना दाराची कड दिसत नाही, बटण सापडत नाही. आणि या वयात पडणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. म्हणून त्या खोलीत जमिनीलगतची पट्टी, दाराची चौकट आणि दिव्याचं बटण फिकट रंगाचं ठेवा, म्हणजे ते अंधारातही वेगळं दिसेल. पलंगापासून दारापर्यंत हालचालीनं लागणारा छोटा रात्रीचा दिवा बसवा. आणि लाल असलाच तर फक्त उशाच्या भिंतीवर. तेवढ्यानं खोली सुंदरही राहील आणि सुरक्षितही.

मंडळी, आपण इथे येतो ते दोन वर्षांसाठी. दोनाची पाच होतात, पाचाची पंधरा. मुलं इथल्या शाळेत जातात, आपण घर घेतो, कर्ज फेडतो. आणि तरीही भिंती मात्र पुढच्या भाडेकरूच्या, पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीच्या ठेवतो. घर विकायचं असेल तेव्हा पांढऱ्या रंगाचा डबा दुकानात मिळणारच आहे. तोवर त्या खोलीत रोज रात्री कोण झोपतं, त्याला विचारून रंग ठरवायला काय हरकत आहे? मग तो लाल असो, नाहीतर अगदी मॅग्नोलियासुद्धा. आवडून लावलेला मॅग्नोलियाही आपलाच.

तेव्हा या शनिवारी तीन छोट्या डब्या आणा, तीन कागद रंगवा, उशाच्या भिंतीवर लावा. घाई करू नका, आठवडाभर रात्री बघा. बल्ब मात्र आजच तपासा.

पुढच्या वेळी भेटूच. काळजी घ्या, ऊब जपा. नमस्कार.